विचारून काढलेलं चित्र

“खाली ‘तहान’ लिहा. लोकांना लगेच कळेल,” वसंतमामा पाट्या लावणाऱ्याला सांगत होते. लातूरच्या एका छोट्या सभागृहात मंगलमावशीच्या चित्रांचं प्रदर्शन लागत होतं. तिला जाऊन महिना झाला होता. मामा तिचे थोरले भाऊ. मी शेजारी खिळे धरून उभी होते. समोरच्या चित्रात लातूरच्याच एका गल्लीतल्या रुक्मिणबाई बशीतून चहा पीत बसल्या होत्या. मागे पाण्याच्या टँकरसाठी लागलेली बायकांची रांग.

मावशी अहमदपूरची, घरचं कापडाचं दुकान. तिनं डी.एड. करावं असं घरात ठरलेलं, पण तिनं हट्टानं नांदेडच्या चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे हात तयार झालाच, पण ती घडली सरांच्या एका सक्तीमुळे. रस्त्यावर माणसाचं स्केच केलं, तर ते सरांच्या आधी त्या माणसाला दाखवायचं. पहिल्याच वर्षी बसस्टँडवर तिनं देगलूरची एक मिरचीवाली पेंगताना काढली. दाखवल्यावर बाई उसळली, “मी मेले हाय का गं? नीट बसू दे, मग काढ!” मावशीनं पुन्हा काढलं. पहिल्या चित्राच्या रेषा जास्त चांगल्या होत्या, असं ती स्वतःच सांगायची. सरांनी दोन्ही पाहिली आणि सही फक्त दुसऱ्यावर केली.

पुढे ती पाणीटंचाईची चित्रं करायला लागली, तरी आधी गल्लीत जाऊन बसणं सुटलं नाही. लातूरला टँकरच्या रांगेत रुक्मिणबाई भेटल्या, तेव्हा मी तिच्यासोबत होते.

“कसं काढू?” तिनं विचारलं.

“हंडा नको बाई हातात, त्यो रोजच हाय,” रुक्मिणबाई म्हणाल्या. “च्या पिऊन राहिले, तसंच काढ. आन् जरा गोरी कर!”

“गोरी नाही करणार.”

“मग च्या तरी भरपूर दाखव!” सगळी रांग हसली...

मामांचा हेतू चांगलाच होता. बहिणीचं काम लोकांपर्यंत पोचावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ती पाटी लागली, की रुक्मिणबाईंच्या हातात पुन्हा हंडा येणार होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत मराठी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तोवर ‘तहान’ लिहिलेल्या पाटीमागचा, चिकट बाजूवरचा कागद सोलून झाला होता.

“मामा, थांबा,” मी म्हणाले. “या पाटीचं रुक्मिणबाईंना अजून विचारलं नाही.”