विद्यार्थी व्हिसावरचा शेजारी

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर टांझानियाचा एक तरुण भाड्याने राहायचा. शिकला पुण्यात, त्यामुळे मराठी माझ्या मुलांपेक्षा चांगलं बोलायचा. प्रत्येक वाक्यानंतर हळूच विचारायचा, "बरोबर ना, काका?" आमची बेल वाजवली की दोन पावलं मागे सरून उभा राहायचा, दार उघडणारं कुणी दचकू नये म्हणून.

डिग्रीनंतर तो नोकरी शोधायला इकडे आला होता. गुरुग्रामच्या एका कंपनीने त्याला निवडलंही. पण नोकरीच्या व्हिसासाठी जेवढा पगार लागतो, तेवढा द्यायला ती तयार नव्हती. विद्यार्थी व्हिसावरच गुपचूप कामाला ये, म्हणाली.

काय करू, असं त्याने मला विचारलं. मी केंद्र सरकारच्या नोकरीतला माणूस, तरी सहज बोलून गेलो, "अरे यार, जॉइन हो. कोण बघतंय?"

तो म्हणाला, "मी सही करून आलोय काका, फक्त शिकेन म्हणून. मला वाटलं, तुम्ही तरी नको म्हणाल."

व्हिसा संपायच्या आठवडाभर आधी तो मायदेशी परत गेला. निघताना माझ्या पाया पडला. आशीर्वाद द्यायला माझा हात चटकन उठलाच नाही.