मॅडमची एकुलती विद्यार्थिनी

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं सहायक होती. पर्समध्ये एकवेळ रुमाल नसेल, पण पक्कड असणारच, म्हणून सगळे तिला पक्कडबाई म्हणत. पंखा घरघरला, कुलूप अडकलं, खुर्ची डुगडुगली की आधी तिची आठवण व्हायची. काम झालं की ती येऊन गेल्याचंही कुणाच्या ध्यानात राहत नसे.

एका सकाळी जिन्याखालच्या खांबाला तडा दिसला. इंजिनिअर आले, त्यांनी आणखी चार तडे शोधले आणि दुरुस्तीसाठी आठ महिने इमारत बंद ठेवा म्हणून सांगून गेले. सोमवारपासून सगळ्यांनी घरून, स्क्रीनवरून शिकवायचं, असं प्राचार्यांनी जाहीर केलं. मुलांचं काही अडलं नाही, तोंडचं पाणी पळालं ते प्राध्यापकांच्या. शंभर पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी माणसं माइकचं बटण शोधताना घामाघूम झाली. पक्कडबाईला आता प्रयोगशाळाच नव्हती. ज्याचं जे अडतंय ते घरी जाऊन बघा, असं प्राचार्यांनी तिला सांगितलं.

बऱ्याच जणांचं दुखणं साधं होतं. कुणी खिडकीकडे पाठ करून बसल्यानं तोंड काळंठिक्कर दिसायचं, ते टेबल फिरवल्यावर उजळलं. कुणाच्या घरात कुकरच्या शिट्ट्या व्याख्यानात घुसायच्या, तिथं तिनं स्वयंपाकाची वेळ बदलून घेतली. इतिहासाच्या सरांपुढे मात्र तिनं हात टेकले. चार वेळा शिकवूनही त्यांचा कॅमेरा छताचा पंखाच दाखवायचा. शेवटी तिनं त्यांना साध्या फोनवर आठ-आठ मुलांशी बोलायला सांगितलं. सर खुशीत आले, कारण गोष्ट सांगायला त्यांना चेहरा कधी लागलाच नव्हता.

गणिताच्या मॅडमनी तिला बोलावलं नव्हतं. त्यांनी राजीनामा दिल्याचं कार्यालयातून कानावर आलं, तशी ती आपण होऊन गेली. प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँड तिनं सोबत घेतला होता. मॅडमची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. दार त्यांनी उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. पक्कडबाई तरी आत गेली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी मॅडम पन्नास मिनिटं जीव तोडून शिकवत होत्या आणि माइक बंद होता. कुणीतरी ते रेकॉर्डिंग मुलांमध्ये फिरवलं. मॅडमचे आवाजाविना हलणारे ओठ बघून मुलं हसली, आणि ते मॅडमच्या भाचीपर्यंत पोचलं.

“तीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी हसलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “आता या वयात शोभा नको.”

पक्कडबाईनं टेबलावर स्टँड ठेवला, त्याच्या चिमट्यात मॅडमचा फोन आडवा पकडला आणि खाली कोरा कागद सरकवला. आता मॅडमचं तोंड दिसणार नव्हतं, फक्त हात आणि लिहिलेलं दिसणार होतं. माइक चालू आहे की नाही ते कुठं बघायचं, तेही तिनं दाखवलं. “उद्या दुपारी फक्त मला शिकवा,” ती म्हणाली. “मी घरून बघते. चुकलं तर आपल्या दोघींतच राहील.”

“तुम्हाला गणित येतं?”

“शाळेत दोनदा नापास झालेय.”

मॅडम पहिल्यांदा जराशा हसल्या.

दुसऱ्या दिवशी पक्कडबाई फोन पुढ्यात घेऊन बसली. बाजूला नवरा मटार सोलत होता. तो निवृत्त बसचालक होता. मॅडमनी धडा काढला तो धावत्या गाडीचा: ऐन एका क्षणाला तिचा वेग किती, हे कसं काढायचं?

“त्यात काढायचं काय,” नवरा दाणे काढता काढता पुटपुटला. “काट्यावर दिसतो की.”

ते पलीकडे ऐकू गेलं. मॅडमचा हात कागदावर थबकला. मग त्यांनी विचारलं, “पण काट्याला तो कुठून कळतो?” नवऱ्यानं मटार बाजूला ठेवले. मॅडमनी आधी तासाभराचं अंतर घेतलं, मग मिनिटाचं, मग सेकंदाचं. तो पुढे सरकून बघू लागला. पक्कडबाईलाही समजत होतं, आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं. पण दुसरा कागद निम्मा भरला आणि सगळं डोक्यावरून जाऊ लागलं.

तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, “कुठे सुटलं?”

ती अडखळली. प्राध्यापकांच्या चुकीवर बोट ठेवायची तिला सवय नव्हती. शेवटी म्हणाली, “तुम्ही ‘हे तर उघडच आहे’ म्हणालात ना, तिथं. मला ते उघड नव्हतं. पण मग विचारायची लाज वाटली.”

पलीकडे मॅडमच्या हातानं पेन खाली ठेवलं. आपण जास्त बोललो, असं तिला वाटलं. मग मॅडमचा आवाज आला, “हे वाक्य मी प्रत्येक तासाला म्हणते. तीस वर्षं झाली.”

पुढचे चार दिवस दुपारी हा वर्ग भरला. मॅडम प्रत्येक पायरीला आकडा घालू लागल्या आणि ‘उघडच आहे’ जिभेवर आलं की थांबू लागल्या. सोमवारी त्या खऱ्या वर्गापुढे आल्या. सुरुवातीलाच स्वतःच्या माइकचा किस्सा स्वतःच सांगितला, आणि समजायचं थांबलं की त्या पायरीचा आकडा फक्त मलाच लिहून पाठवा, नाव कुणाला कळणार नाही, असं सांगितलं. दहा मिनिटांत सत्तावीस जणांनी चौथी पायरी लिहून पाठवली. मॅडमनी चौथी पायरी पुन्हा शिकवली, मग आणखी एकदा शिकवली. राजीनामा त्यांनी दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.

इमारत दुरुस्त व्हायला आठऐवजी अकरा महिने लागले. तोवर शेजारच्या गावातल्या कॉलेजनं आपल्या प्राध्यापकांना स्क्रीनवरून कसं शिकवायचं ते दाखवायला कुणाला तरी पाठवा म्हणून पत्र धाडलं होतं. प्राचार्यांनी मॅडमचं नाव सुचवलं. मॅडमनी पक्कडबाईला सोबत घेतलं, आणि सभागृहात पोचल्यावर तिला पुढे करून स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

समोर चाळीस प्राध्यापक होते. पक्कडबाईनं पदर सावरला, घसा खाकरला आणि विचारलं, “तुमच्यापैकी कुणाला सगळ्यात जास्त भीती वाटते? त्यांनी आधी इकडे माझ्याजवळ येऊन बसा.”

मागच्या रांगेतली एक खुर्ची सरकली.