बाबलच्या सहीचा कागद

सोमवार — लेह येथे आगमन. बुधवार — व्ह्यू पॉइंट. गुरुवार, सकाळ — बाबलचा मृत्यू. जबाबदार : एक, सहल कंपनी, दोन, गाडीचालक ताशी, तीन, त्या उंचीवर दवाखाना न ठेवणारे प्रशासन.

ही यादी मी वर्षभरात नऊ पत्रांत लिहिली. चौथे नाव कोणालाच सांगितलेले नाही — बायकोलाही नाही. तुम्हांला सांगतो आहे.

मी न्यायालयात कारकून होतो. शिरोड्यात मला ‘वकील’ म्हणतात ते चेष्टेने. मी ती पदवीसारखी मिरवली. बाबल माझा शेजारी. लडाखची हौस माझी होती, तो माझ्या शब्दाखातर आला.

बुधवारी आम्ही खोऱ्यातल्या शेवटच्या वस्तीत थांबलो — मातीची दहा-पंधरा घरे, जवाची चार वावरे, बाकी सगळा उघडा डोंगर. व्ह्यू पॉइंट तिथून तासाभराच्या चढावर. बाबलला दोनदा उलटी झाली होती.

“वकिला, टकला फुटता रे. हयसूनच बघया. डोंगर खंय पळान जाता?” डोके दोन्ही हातांनी दाबत तो म्हणाला.

“पित्त ता,” मी म्हणालो, आणि घरून नेलेले कोकमाचे आगळ पाण्यात घालून त्याला पाजले. आपल्याकडे मळमळले की दुसरे काय देतात? उंचीचाही आजार असतो, हे मला ठाऊक नव्हते — असे मी लिहीत आलो. खोटे आहे. ताशीने सांगितले होते.

“साहब, ये पेट का नहीं, ऊँचाई का है. नीचे चलते हैं.”

मी छापील कार्यक्रम काढला. रस्ता खुला असल्यास हे स्थळ दाखवणे बंधनकारक, असे त्यात होते. तक्रार करीन, म्हणालो. ताशी म्हणाला, मग लिहून द्या. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिले : चालकाने परत फिरण्याचा सल्ला दिला असूनही प्रवासी स्वेच्छेने पुढे जात आहेत. बाबलने न वाचता सही केली.

“तू लिवलंस म्हणजे बरोबरच आसतला.”

खाली उतरल्यावर देतो, म्हणून कागद मी खिशात ठेवला.

वर काय पाहिले? दूर खाली एक नदी, दोऱ्यासारखी. मी फोटो काढले. बाबल गाडीतून उतरलाच नाही. काचेला डोके टेकून बसला होता, छातीत घरघर. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी झाले.

चौकशीत ताशीने त्या कागदाचा उल्लेख केला. असा कोणताही कागद अस्तित्वात नाही, असे मी लेखी कळवले. ताशीचा परवाना स्थगित झाला, गाडी तेव्हापासून उभी आहे. कागद माझ्या कपाटात आहे — कारकुनाच्या हाताला कागद फाडता येत नाही.

आणि देवळात — हे लिहिणे अधिक कठीण. बाबलच्या बायकोने, शेवंतावहिनींनी, देवाला गाऱ्हाणे घातले. गुरव त्यांच्या वतीने म्हणाला, “जेणां माझ्या घोवाक दुखण्यात वर नेल्यान, तेका तूच बघून घे, महाराजा.” सगळे म्हणाले, “व्हय महाराजा.” मीही म्हणालो. इतरांपेक्षा मोठ्याने.

कंपनीने विश्रांतीचे दिवस ठेवले नव्हते, तो दोष खराच. त्यावर मी आजही लढेन. पण मला तर बजावून सांगितले गेले होते. सल्ला माझ्याच अक्षरात आहे.

उद्या सकाळी वहिनी दहाव्या पत्रावर सही करायला येणार आहेत : ताशीचा परवाना कायमचा रद्द व्हावा. परवा म्हणाल्या, “भावजी, तुमी होतास म्हणान माका आधार.” पत्र मेजावर तयार आहे. त्यावर आता तो कागद ठेवला आहे, बाबलची सही वर दिसेल असा.

जबाबदार, चार : पत्रलेखक स्वतः. सदर इसमाने येत्या सोमवारी देवळात, ज्यांच्यासोबत तो ‘व्हय महाराजा’ म्हणाला त्या सर्वांसमक्ष, हा कागद मोठ्याने वाचावा आणि जाहीर उत्तर द्यावे. मुदतवाढ मिळणार नाही.