खबर सांगणारी मथुराकाकू

मथुराकाकू गेल्याचं मला मांडव उतरल्यावर कळलं. माझ्या लेकीची, शालूची पाठवणी झाली होती, मांडववाला बांबू सोडत होता, आणि मी उरलेल्या बुंदीची परात घेऊन दारात उभी होते. आमचे हे ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकू गेल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळीच." मी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल, तर "आणि तुम्ही पंगतीत जेवलात?"  साऱ्या बुऱ्हाणपुरात मरणाची खबर तोंडावर सांगणारी बाई एकच, आणि नेमकी तिचीच खबर दाबून ठेवली होती. याला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, पण काकूबद्दल चांगलं बोलणारं माणूस गावात शोधावं लागलं असतं आणि त्यात मीही सापडले नसते.

काकू माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची, वामनकाकांची बायको. काकांना जरीची पारख होती. बुऱ्हाणपूरची कलाबतू हातात घेऊन ती सोन्याची की तांब्यावर मुलामा दिलेली, हे ते डोळे मिटून सांगत. त्या गुणावर मुंबईच्या एका सिंधी शेटनं त्यांना उचललं आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर थेट स्पेनला, मालागा नावाच्या बंदरावर, आपल्या रेशमाच्या दुकानात धाडलं. वर्षभरात काकांचं पोट बिघडलं. मग शेटनं हिशोब मांडला की बायको आणली तर दुकानातल्या चौघा माणसांचा स्वयंपाकही होईल आणि गिऱ्हाईक आलं की साडी नेसून दाखवायलाही कुणी असेल. तेव्हा आमच्या घरातली बाई समुद्र ओलांडून गेली म्हणून गावानं तोंडात बोटं घातली. पोराला मात्र नेलं नाही. दिगूची मुंज व्हायची होती. परमुलखात पोर बाटेल, शाळा बुडेल, म्हणून तो आमच्याकडे राहिला. दिगू आणि मी एका ताटात जेवलो आहोत, एका पाटीवर भांडलो आहोत.

तिथलं तिचं रोजचं जगणं काकूनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही मी तिच्याशी कडाकडा भांडायला गेले तेव्हा. दुकान खाली, राहायचं वर. पहाटे उठून चौघांच्या पोळ्या करायच्या, त्या मैद्याच्या, कारण आपल्यासारखी कणीक मिळायची नाही. फोडणी जैतुणाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात. पहिले कितीतरी दिवस त्या वासानं तिला घास गिळेना. शेजारी पिलार नावाची विधवा होती. तिनं काकूला बाजार शिकवला, बोली शिकवली. काकू म्हणायची, "तिची जबान मला समजे ना, माझी तिला समजे ना, पण चूल तर चूलच राहते ना व." नाताळ जवळ आला की तिथं महिनाभर सणच सण. घराघरात मातीच्या बाहुल्यांचं गोकुळ मांडतात, त्यात नदी, मेंढ्या, पूल, सगळं. पिलारनं बदामाच्या पिठाच्या वड्या दिल्या, काकूनं हौसेनं खाल्ल्या आणि नंतर कळलं की त्यात डुकराची चरबी असते. तिनं अंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि पुढच्या वर्षी हसत नको म्हणाली. वर्षाच्या शेवटच्या रात्री घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खायचं, अशी त्यांची रीत. काकूला ते कधी जमलं नाही, ठोके संपत आणि हिचे गाल भरलेलेच. बोटीतून इंग्रज गिऱ्हाईकं उतरत ती याच दिवसांत. शेटची वर्षाची निम्मी कमाई त्या महिन्यात. त्या महिन्यात दुकानात कुणी आजारी पडायचं नाही, असा नियमच होता.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात दिगू घटसर्पानं गेला. दोन दिवसांत... मी पलीकडच्या खोलीत होते, त्याचा श्वास भिंतीतून ऐकू येत होता. वडिलांनी तार केली. तार काकांच्या हातात नाताळच्या आधी पडली आणि काकांनी ती वाचून खिशात ठेवली. कारण काकू रडायला बसली असती तर चौघांना जेवायला कुणी घातलं असतं? काचेपुढे साडी नेसून कोण उभं राहिलं असतं? बरं, शास्त्रही त्यांच्या बाजूनं होतं. परमुलखात असलेल्या माणसाला सुतक लागतं ते ऐकल्यापासून. ऐकलंच नाही, तर विटाळ कसला? त्यांनी स्वतः ऐकलं होतं, ही गोष्ट शास्त्राला कुणी कळवली नाही. दुकानातल्या बाकी तिघांना मात्र त्यांनी सांगितलं, बाईसमोर जीभ सैल सुटू नये म्हणून. तिघेही रोज तिच्या हातचं जेवत, "भाभी, आज कढी छान झाली" म्हणत. त्या वर्षी द्राक्षं खाताना काकूला ठसका लागला, सगळे हसले, काका पण हसले.

आणि मग तीन राजांचा सण. त्याच्या आदल्या रात्री तिथली पोरं आपले बूट गच्चीत ठेवून झोपतात. राजे उंटावरून येतात आणि बुटात खाऊ टाकून जातात. पिलार म्हणाली, तुझा मुलगा दूर आहे तर काय झालं, राजे तर पूर्वेकडूनच येतात, तुझ्याच मुलखातून. काकूनं दिगूच्या मापाचे बूट आणले. माप काय, अंदाज! पोर वाढलं असेल म्हणून बोटभर मोठेच घेतले. गच्चीत ठेवले. सकाळी बघते तर बुटात साखरेत घोळलेले बदाम. काकांनी टाकले होते. पोर गेल्याचं माहीत असलेल्या बापानं, स्वतःच्या हातानं. काकू नाचली म्हणे! बदाम पुडीत बांधून ठेवले, बुऱ्हाणपूरला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायला. दुसऱ्या दिवशी सीजन संपला, आणि चहा पिता पिता काकांनी तिला सांगितलं. सांगून खाली दुकान उघडायला गेले. त्या माणसाला मी काका म्हणत होते, याची मला आजही शिसारी येते.

काकू पुढच्या उन्हाळ्यात एकटी परत आली ती कायमची. काका तिकडेच राहिले आणि तिकडेच मेले. तिनं इतवाऱ्यात दोन खोल्या घेतल्या, किनारीवर जरीकाम करून पोट भरलं, आणि एक व्रत घेतलं म्हणा, खोड म्हणा. गावात कुणाचं मरण कुणापासून लपवलंय असं कानावर आलं की काकू चप्पल घालायची. संक्रांतीला शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या सुना हळदीकुंकू उरकेपर्यंत गप्प बसल्या होत्या. काकूनं तिळगूळ घेतला आणि हातात धरूनच सांगितलं, "तुमचा भाऊ गेला जी. परवा, जळगावला." आजी तिथंच कोसळल्या. सुनांनी काकूच्या सात पिढ्या उद्धरल्या. जैनाबादला नदीपलीकडे एक बाळंतीण होती, तिचा नवरा गेला होता आणि सासूनं ते तिच्यापासून लपवलं होतं. तिथंही काकू नावेत बसून गेली. त्या बाईचं दूध आटलं. हे मी काकूला तोंडावर ऐकवलं आहे. ती म्हणाली, "आटलं, तं आटलं. तिचा नवरा होता, सासूचा एकटीचा नव्हता." लोक तिला दारातून आत घेईनासे झाले. ती रस्त्यानं दिसली की बाया पदर तोंडावर धरून आपापल्या घरची माणसं मोजत. मी काही तिला साध्वी ठरवायला बसलेली नाही. काकू क्रूर होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

माझ्याच लग्नात तिनं तो क्रूरपणा मला दाखवला. वडील खंडव्याहून सकाळच्या गाडीनं यायचे होते. गाडी आली, त्यांच्या मरणाची खबर आली. घरातल्या पुरुषांनी माजघराचं दार लोटून ठरवलं की मामा कन्यादान करतील, पोरीला सांगायचं की गाडी चुकली. मी गौरीहरापुढे बसले होते, हातात तांदूळ. काकू सगळ्यांना बाजूला सारत आली आणि माझ्यासमोर बसली. "कुसुम, तुझे बाबा गेले. खंडव्याला, पहाटेच. भटजी म्हणतात, देवक बसलं आहे, सुतक लागत नाही. लग्न लागू शकते. आता तू ठरव." मामा तिच्या अंगावर धावून गेले. माझा भाऊ दत्तू, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला, खांबाला धरून रडत होता. मी उठले. कुणी उठवलं नाही, मीच उठले. वऱ्हाड परत गेलं आणि जाताना मला पांढऱ्या पायाची म्हणून गेलं. पुढे बराच काळ मला कुणी विचारलं नाही, मग हे मिळाले. बिजवर, मास्तर, माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. वाईट नाहीत. पण पहिल्या दिवाळीला मी काकूकडे गेले आणि मनात साठलेलं सगळं ओकले. "कशाला सांगितलंत? एक तास थांबला असतात तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं!" त्या दिवशी तिनं मला मालागाची सगळी गोष्ट सांगितली, बुटांसकट. शेवटी म्हणाली, "तुला ठरवता तरी आलं ना व. मला कोणी विचारलंच नाही." मला ते पटलं नाही. आपलं दुःख दुसऱ्याच्या गळ्यात का बांधावं? मी जाणंयेणं ठेवलं, सणाला ताट पाठवलं, पण मनातून तिला माफ केलं नाही.

शालूच्या लग्नाची अक्षत द्यायला गेले तेव्हा काकूच्या पायांना सूज होती. थंडीच्या दिवसांत ती तिकडच्यासारखी बसायची, म्हणजे चौरंगाखाली निखाऱ्याची शेगडी, वरून गोधडी टाकून आत पाय. मलाही तिनं पाय आत घ्यायला लावले. निघताना मी हसत म्हणाले, पण त्या हसण्याला धार होती आणि ती मी मुद्दाम ठेवली होती, "काकू, या लग्नात तरी कसली खबर घेऊन येऊ नका हं." ती म्हणाली, "नाही येत, जा." बस्स, एवढंच... मला वाटलं, रुसली.

मांडव उतरल्यावर मी यांच्यावर जे तोंड सोडलं ते साऱ्या आळीनं ऐकलं. म्हटलं, माझ्या वडिलांच्या वेळी घरच्या पुरुषांनी ठरवलं होतं, तेच तुम्ही केलंत? तुम्हाला कुणी अधिकार दिला? हे शांतपणे म्हणाले, "काकूंनीच. आठ दिवस आधी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, माझी खबर कुसुमला देऊ नका, पोरगी सासरी जाऊ द्या." त्या दिवशी दत्तू हलवायाकडे जाऊन येतो म्हणून मांडवातून निघाला होता. त्यानं राजघाटावर काकूला अग्नी दिला आणि नदीवर अंघोळ करून पंगतीत वाढायला येऊन उभा राहिला. त्याचे केस ओले होते. मी त्याला म्हणाले होते, "काय रे, नवरीच्या मामालाही तेल-हळद लावली की काय?" आणि पंगतभर हशा पिकला होता.

माझ्यासारख्या सासरी गेलेल्या मुलीला काकूचं सुतक ते काय, एक अंघोळ. ती मी केली आणि इतवाऱ्यात गेले. खोली झाडलेली होती. घरमालकिणीला काय वाटलं कोण जाणे, तिनं शेगडी पेटवून चौरंगाखाली सरकवली. मी गोधडीत पाय घालून बसले आणि काकूला मनातल्या मनात शिव्या घातल्या. साऱ्या गावाला सांगत फिरलीस, मला मात्र विचारलं नाहीस. दोन पाय ऊबेत घेऊन मी किती वेळ तिच्याशी भांडले, मला सांगता येणार नाही. भांडता भांडता माझा मलाच प्रश्न पडला, की समजा, तिनं खबर पाठवली असती, तर पोरीच्या हळदीतून उठून मी तिचं तोंड पाहायला आले असते का?

नसते आले. काकूला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलं नाही.