उभ्याची चूल

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेतातून परत येताना सासूबाईंचा उजवा गुडघा एकाएकी असा दुखला की त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच बसल्या. पडल्या नव्हत्या, ठेचही लागली नव्हती. आमच्या कामरगावातल्या शेजारणींनी एरंडाची पानं बांधून पाहिली, जवळच्या धनज गावच्या एका म्हाताऱ्यानं तेल चोळून दिलं. दुखणं काही हटेना. शेवटी मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मी शाळेत शिकवायची, डॉक्टरांशी नीट बोलेन म्हणून मलाही सोबत नेलं.

डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला. रक्त न पोचल्यामुळे गुडघ्यातल्या हाडाचा एक तुकडा मेला होता.

"मेला?" सासूबाई म्हणाल्या. "मी जित्ती अन् माहं हाड मेलं?"

डॉक्टरांना हसू आलं. हाडावरची गुळगुळीत कूर्चा अजून चांगली आहे, ती राखू. खालचा मेलेला भाग खरवडून तिथं दुसरं हाड भरू, असं त्यांनी समजावलं.

"दुसरं कोनाचं?"

"तुमचंच. कमरेतून काढू."

"मंग काढा. घरचंच हाय."

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर गुडघ्यापेक्षा कंबरच जास्त दुखायला लागली. त्यावर त्या नर्सला म्हणाल्या, "पोरगी सासरी गेली, बाई. माहेर रडून राह्यलं."

कुबड्या घेऊन घरी आलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही महिने पायावर भार नको आणि नंतरही उकिडवं बसायचं नाही. आमच्या घरात तर चूल, पाटा, सगळंच जमिनीवर. कुबड्या सुटायची वेळ आली तशी त्यांना सैपाकघराची ओढ लागली. मी म्हटलं, मी करते ना.

"तू करतं, पन तुह्या भाजीले चवच नसते," त्या म्हणाल्या.

मामाजींनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते विटा आणि माती घेऊन आले आणि ओटा रचून त्यावर चूल घातली. ते चांगले उंच, माप धरलं स्वतःचं. सासूबाई ओट्याशी उभ्या राहिल्या तर तवा त्यांच्या छातीशी आला.

"हे चूल हाय का मचान?"

मामाजींनी ओटा पाडला. या वेळी सासूबाईंना भिंतीशी उभं केलं, कोपराच्या जरा खाली कोळशानं खूण केली आणि तिथवरच विटा रचल्या. पहिल्या दिवशी उभ्यानं भाकर थापताना परात सारखी सरकत होती. मी धरून ठेवली. आम्ही दोघी इतक्या हसलो की भाकर करपली.

मग आळीतल्या बाया पाहायला आल्या. "माय वं! उभ्यानं सैपाक?" म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पण एक शेजारीण मामाजींना म्हणाली, "बुवा, माह्या घरीबी घालून द्या ना." मला तेव्हा सातवा महिना होता. वाकावं लागत नव्हतं, याचं सुख कुणाला सांगू असं झालेलं.

सासूबाईंचा गुडघा पुढं पूर्ण कधीच वाकला नाही, थंडीत ठणकायचाही. पण त्या काठी टेकत बाजाराला जायच्या. मामाजी कुणाकडे ओटा रचायला निघाले की त्याही सोबत जायच्या आणि मापासाठी भिंतीशी उभ्या केलेल्या घरच्या बाईला दटावायच्या, "सरळ उभी राय. नाही तं जलमभर वाकून रांधशील."