एका मशीनचे पाच पत्ते

सर्व्हर रूमच्या दाराशी सहा वर्षं वॉचमन म्हणून बसलो. किस्से साचणारच. खोक्यातल्या जुन्या वायरींसारखे, एक ओढला की चार बाहेर येतात. हे सगळे एकाच वर्षातले. साल २०१९, सुरुवात भर मे महिन्यात, परळच्या ऑफिसात.

माझं शिक्षण चौथी. आधी रे रोडला लाकडाच्या वखारीत होतो. ओंडका आला की वहीत, गेला की वहीत. ती सवय सुटली नाही.

*

खोलीचा कारभार मुग्धा मॅडमचा. गिरगावच्या, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. एक दिवस म्हणाल्या, काका, या एकाच युनिक्स मशीनला आज दुसरा आयपी पत्ता दिला. मी म्हटलं, आमच्या लालबागच्या खोलीत एका पत्त्यावर चौदा माणसं राहायची. एकालाच दोन पत्ते हे पहिल्यांदा ऐकतोय.

त्यांनी विचारलं, "गावी तुम्हाला काय हाक मारतात?"

"बाबल्या."

"आणि इथे?"

"तावडे."

"दोन्ही हाकांना ओ देता ना? मशीनही देतं."

पटलं! संध्याकाळी बायकोलाही समजावलं. पाच कंपन्यांचं काम, पुढे पाच पत्ते होणार, मशीन एकच. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मगे रेशनकार्ड खंयच्या पत्त्यार?"

*

तिसऱ्या पत्त्याला फजिती झाली. पत्ता द्यायच्या आधी मॅडम त्या नंबरावर हाक मारून बघायच्या. ओ आली नाही तर पत्ता मोकळा. त्या दुपारी ओ आली नाही. कशी येणार? तो पत्ता दारातल्या हजेरीच्या मशीनचा होता, आणि त्याचा प्लग काढून मी माझा टेबलफॅन लावला होता.

संध्याकाळी प्लग जागेवर लावला. सकाळी एका हाकेला दोन मशीनं ओ देऊ लागली. हजेरी बंद, तिसऱ्या कंपनीचं काम मध्येच चालू, मध्येच बंद. ऑफिस मात्र खूश. त्या दिवशी कोणालाच लेटमार्क नाही!

मॅनेजर शेट्ये साहेब खूश नव्हते. चौथी पास माणूस या खोलीपाशी कशाला, हे त्यांचं आधीपासूनचं म्हणणं. मॅडमनी फॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक माझी, सर. मी नीट तपासलं नाही." मेमो त्यांना मिळाला. माझी नोकरी राहिली.

मी आभार मानले नाहीत. मला ते जमत नाही. पण कोणाचं देणंही ठेवत नाही.

*

दुसऱ्या दिवशी वही आणली. आधीचे पत्ते मॅडमच्या टेबलावरच्या चिठ्ठ्यांवरून उतरवले, पुढचे त्या देतील तसे. कंपनीचं नाव, पुढे आकडे, सगळे मराठीत. त्यांनी पाहिलं आणि हसल्या. "कशाला काका? सगळं माझ्या डोक्यात आहे."

*

दसऱ्याला तीन कंपन्यांचे मालक आपापल्या मशीनची पूजा करायला आले. मॅडमनी तिघांना तेच दाखवलं. मशीन सगळ्यांचं, पत्ता मात्र तुमचा एकट्याचा, असं सांगितलं. अगरबत्त्या मी दारातच अडवल्या. दोन हार चढले, तिसऱ्याला जागा नाही. त्या मालकाने हार माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "माझ्या पत्त्यावर पोचवा."

*

दिवाळीच्या आधी वायरिंगच्या कामासाठी मशीन पहिल्यांदाच बंद केलं. दुपारी चालू केलं, तर जिवंत पत्ता एकच. बाकीचे चार मॅडमनी चालत्या मशीनला तोंडी सांगावेत तसे दिले होते. मशीनच्या आतल्या फायलीत लिहायचे राहून गेले. मशीन झोपून उठलं आणि विसरलं.

फोन वाजू लागले. हुडकून काढता आले असते, पण मॅडमना काही सुचेना. साहेब दारात उभे. "मुग्धा, अर्ध्या तासात चारही चालू झाले नाहीत, तर उद्यापासून ही खोली दुसऱ्याच्या ताब्यात."

मी वही उघडली. लिहा, म्हटलं. आकडा, टिंब, आकडा. मी वाचत गेलो, त्या टाइप करत गेल्या. चार हाका, चार ओ! फोन एकेक करून गप्प झाले. या वेळी पत्ते फायलीतही गेले.

साहेबांनी वही घेतली, पानं चाळली. "ही यादी ठेवायला कोणी सांगितलं?"

मॅडमनी तोंड उघडलं. मी आधी बोललो.

"मॅडमनी, साहेब. पहिल्या दिवसापासून."