साखरबाईनं संगतीचं बिऱ्हाड हलवलं

साखरबाई मेंढरांमागं फिरणाऱ्या बिऱ्हाडात जन्मली. कुठल्या गावच्या शिवारात, ते तिच्या आईलाही सांगता यायचं नाही. "एका अंगाला हरभरा व्हता, एका अंगाला वढा," एवढाच तिच्या जन्माचा दाखला. लग्न होऊन ती वडगाव रासाईला आली, नवऱ्यानं मेंढरं विकून दीड एकर रान घेतलं आणि तिचे पाय एका जागी बांधले गेले. पाय बांधले गेले, तोंड मोकळंच राहिलं.

लहानपणची एक गंमत ती नेहमी सांगायची. उद्या कुठं मुक्काम टाकायचा यावर पुरुष सकाळभर तंबाखू मळत वाद घालायचे. तिची आई काही बोलायची नाही. घोड्यावर भांडी, गोधड्या, कोंबड्या लादायची आणि चालू पडायची. दिवस कलला की पुरुष मेंढरं घेऊन, चूल जिथं पेटलेली दिसेल तिथं यायचे आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "हां, हितंच ठरलं व्हतं!"

नवरा गेला तेव्हा मात्र साखरबाईचं तोंडही बंद झालं. सहा महिने ती उंबऱ्यावर बसून होती. गिताबाई तेवढी रोज यायची. ख्रिस्ताला मानणारी गावातली ती पहिली बाई. उपदेश नाही, सांत्वन नाही; शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि एखादं गीत गुणगुणायची. एक दिवस साखरबाई म्हणाली, "गिते, लई बेसूर गातीस." त्या दिवसापासून साखरबाई माणसांत आली. पुढं दोघींनी मिळून साखरबाईच्या पडवीत प्रार्थनेची संगती सुरू केली. दर रविवारी दहाबारा माणसं, एक ढोलकी आणि पातेलंभर चहा.

दोन हजार एक साली या संगतीला भविष्याची काळजी लागली.

दौंडच्या ख्रिस्ती मंडळीतले ब्रदर सत्यजीत मोटरसायकलवरून यायचे. ते म्हणाले, "किती दिवस पडवीत बसणार? दौंडला आमच्यात या. हॉल आहे, माईक आहे, कीबोर्ड आहे. दर रविवारी टेम्पो पाठवतो." संगतीचे वडीलधारे सोपानआप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना ते पटलं. साखर कारखान्यातला ज्ञानदेव म्हणाला, आपलाच पत्र्याचा हॉल बांधू. शेवटी ठरलं, की तीन आठवडे उपास-प्रार्थना करायची आणि देव ज्याला जे दाखवील ते त्यानं सांगायचं.

तीन आठवड्यांनी सोपानआप्पा डोळे मिटून म्हणाले, "मला सपान पडलं. गाडी आली आन् दौंडला थांबली."

"आप्पा, तीस वर्सं रेल्वेत काढली तुमी," ज्ञानदेव म्हणाला. "तुमच्या सपनात गाडी दौंडला न्हाई थांबायची तर काय वरवंडच्या बाजारात थांबायची? मला तर पांढरंफेक, चकाकणारं छप्पर दिसलं."

"पत्रा असंल," साखरबाई म्हणाली. "यवतला तुझ्या मेव्हण्याचं पत्र्याचंच दुकान हाय न्हवं?"

सगळी हसली. सोपानआप्पा कावले. "साखरबाई, तुमाला काय दिसलं ते सांगा."

"मला मोतीबिंदू. मला काय दिसतंय! पर गिताबाई दिसंना झालीया आठ महिनं."

उसाच्या सरीत पाय घसरून गिताबाईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. कालव्याच्या चारीपलीकडच्या मळ्यात ती खाटेवर पडून होती. लेक रांजणगावच्या कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी.

"तिच्यासाठी दर रविवारी नाव घेऊन प्रार्थना करतोच की आपण," आप्पा म्हणाले.

"व्हय, करतो. लई मोठ्यानं करतो," साखरबाई म्हणाली.

मग दौंडहून आलेल्या ब्रदर सत्यजीतांनी मेंढरांचं उदाहरण दिलं. मेंढरू भोळं असतं, हाक आली की निमूट मागं चालतं. "भोळं?" साखरबाईनं पदर खोचला. "ब्रदर, तुमी मेंढरू फकस्त पुस्तकात बघितलंय. आमी त्यांच्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. हिरवं दिसलं की बांध फोडून आत! आन् एखादं लंगडं झालं, तर त्याला मागं टाकून कळप हलवत न्हाईत. घोड्याव घालत्यात." ब्रदर म्हणाले, "आमेन," आणि शेवटचा निर्णय पुढच्या रविवारी तीन वाजता, असं सांगून गेले.

साखरबाईला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. खुबा मोडलेली बाई टेम्पोत बसणार कशी? आणि पत्र्याच्या हॉलपर्यंत तरी तिला कोण नेणार? एकदा का संगती तिकडं गेली, की गिताबाई नुसती प्रार्थनेच्या यादीतलं नाव होऊन राहणार.

रविवारी दुपारी तिनं आपला दीर हरिबा याला हाक मारली. "भावजी, बैल जुपा."

"वैनी, मी तुमच्या संगतीतला न्हाई."

"बैल तरी कुठं हायती!"

तीन वाजता मंडळी जमली, तर पडवी मोकळी आणि दाराला कुलूप. सतरंज्या नाहीत, ढोलकी नाही, चहाचं पातेलं नाही. कपाटात ठेवलेलं मोठं बायबल नाही आणि सोपानआप्पांची लोखंडी खुर्चीही नाही; गुडघ्यामुळं त्यांना खाली बसता येत नसे. शेजारीण म्हणाली, "चारीकडं गेली गाडी. ढोलकी वाजतीया बघा."

चारीचं पाणी वाटेवर फुटलेलं. ब्रदरांच्या पॉलिश केलेल्या बुटांनी शिवारातली निम्मी माती बरोबर घेतली. मळ्यात पोचले तर सतरंज्या अंथरलेल्या, चहा उकळतोय, हरिबा ढोलकी बडवतोय. खाटेवर गिताबाई, केस विंचरून, नवं लुगडं नेसून.

"आला का?" गिताबाई म्हणाली. "आठ महिनं प्रार्थना करताय म्हणं माझ्यासाठी. देव येऊन चवकशी करून जायाचा हो. तुमचं बी खुबं मोडलं व्हतं का काय?"



"साखरबाई, ही काय रीत झाली?" आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. "आज निर्णय व्हायचा व्हता."

"करा की. कोण नगं म्हणतंय? दौंडला जायाचं का पत्र्याखाली, ते फकस्त हिच्या तोंडाकडं बघून सांगा."

आप्पांनी गिताबाईच्या तोंडाकडं बघितलं. मग हातातल्या चहाच्या बशीत बघितलं. ज्ञानदेव पत्र्याबद्दल अक्षर बोलला नाही. ब्रदर सत्यजीत बुटाची माती काडीनं खरवडत म्हणाले, "मी दौंडला कळवतो, टेम्पो नको म्हणून."

"मंग आता हितंच बसायचं," आप्पा सुस्कारा सोडून म्हणाले.

"हितंच कशापायी?" गिताबाई कोपरावर उठली. "आज तुमाला बघितलं, माझं मन भरलं. महिन्यातनं एकदा या. पर त्यो खालच्या आळीचा भिमाजी बी दीड वर्सं आला न्हाई. त्याच्याकडं कोण जाणार?"

सोपानआप्पांना ठसका लागला. भिमाजी यायचा बंद झाला होता तो त्यांच्याशीच भांडून. भर संगतीत आप्पांनी त्याला "तुला गाता येत न्हाई, गप बस" म्हटलं होतं.

"म्हंजी पुढला ऐतवार भिमाजीच्या घरी," साखरबाई म्हणाली. "भावजी, ध्यानात ठिवा."

"अवं, पर त्यो दारात तरी उभं करील का?" आप्पा म्हणाले.

"न्हाई केलं तर दारात बसू. सतरंजी आपली हाय."

गीत झालं, प्रार्थना झाली, माणसं पांगायला लागली. गाडीवर सामान चढत होतं तेव्हा आप्पा हळूच साखरबाईच्या जवळ आले. आजूबाजूला बघितलं.

"साखरबाई, मी जरा आधीच जाऊन येऊ का त्याच्याकडं? उद्या सकाळी? एकटाच?"

साखरबाईनं खाटेवरच्या गिताबाईकडं बघितलं.

"जावा," गिताबाईच बोलली. "आन् त्यो गायला लागला, तर शेवटच्या कडव्यापतुर ऐका."